लोणारला रेल्वे कधी आलीच नाही, मग माल आणला कुणी? जुन्या ट्रकच्या आणि गावच्या ट्रान्सपोर्टच्या आठवणी का जपायच्या?

लोणार म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते उल्कापातातून तयार झालेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ते घराघरातल्या मोबाईलवर पोचलं आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला.

पण बुलढाणा जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाचा दुसराही एक इतिहास आहे. गावातल्या घरांचं सिमेंट, दुकानातली साखर, शेतातलं खत कुठून आलं? इथला कापूस, ज्वारी, तूर बाहेर कशी गेली? या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकच आहे : ट्रकने.

हा इतिहास कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. तो आहे जुन्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात, घरातल्या एखाद्या पिवळ्या पडलेल्या फोटोत आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या फाटक्या बिल्टीबुकात. जुन्या ट्रकचे शौकीन याच गोष्टी गोळा करत असतात. ते नेमकं काय गोळा करतात, त्यातून काय कळतं आणि याची घाई का आहे, ते समजून घेऊ.

तीन रेल्वेमार्गांच्या मधलं गाव

नकाशा समोर घेतला तर लोणारची गंमत लगेच कळते.

उत्तरेला मुंबई–नागपूर हा मोठा रेल्वेमार्ग आहे. १८६० च्या दशकात तो वऱ्हाडातून गेला. बुलढाणा जिल्ह्यातली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं याच मार्गावरची. खामगाव ही तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ होती, म्हणून जलंब ते खामगाव असा जेमतेम १३ किलोमीटरचा वेगळा फाटा १८७० मध्ये सुरू झाला.

दक्षिणेला मनमाड–औरंगाबाद–जालना–परभणी हा निजामाच्या काळातला मार्ग आहे. तो १९०० च्या सुमारास झाला आणि पुढची नव्वदेक वर्षं मीटरगेजच राहिला. पूर्वेला अकोला–वाशिम–हिंगोली–पूर्णा हा तिसरा मार्ग. तोही मीटरगेज होता, त्याचं रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झालं.

लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा सगळा पट्टा या तीन मार्गांच्या मधोमध राहिला. जालना–खामगाव रेल्वेमार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, पण रूळ पडले नाहीत.

याचा साधा अर्थ असा की इथे स्टेशनपासून गावापर्यंतचं सगळं अंतर रस्त्यानेच कापावं लागलं. ज्या गावात मालधक्का आहे तिथे ट्रक हा रेल्वेला जोड असतो. लोणारसारख्या गावात ट्रक हीच रेल्वे होती.

ट्रकच्या आधी काय होतं?

मालवाहतूक लोणारला नवी नाही. सरोवराच्या काठावर मिळणारे क्षार फार जुन्या काळापासून विकले जात. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात काच आणि साबण बनवण्यासाठी लागणारा माल इथे मिळतो असा उल्लेख आहे. म्हणजे सोळाव्या शतकातही इथून माल बाहेर जात होता.

त्या काळी लांबच्या वाहतुकीचं मोठं काम बंजारा समाजाकडे होतं. शेकडो बैलांच्या पाठीवर गोणी लादून त्यांचे तांडे धान्य आणि मीठ देशभर नेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि हा व्यवसाय मोडला. आजही मेहकर–लोणार–वाशिम पट्ट्यात बंजारा तांडे मोठ्या संख्येने आहेत.

मराठीत या धंद्याला स्वतःचा शब्दही आहे : हुंडेकरी. ठरावीक रकमेत माल अमुक ठिकाणी पोचवायचा, वाटेतले कर आणि जकाती आपणच भरायच्या, असा ठेका घेणारा तो हुंडेकरी. आजचा ट्रान्सपोर्टवाला जे करतो तेच काम तो बैलगाड्यांवर करत होता.

आणि वाटेत जकाती होत्याच. लोणार वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखाली. तिथून दक्षिणेचं मंठा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर ‘करोडगिरी’ नावाची जकात लागे. आज एसटीत झोप लागेपर्यंत संपणारा लोणार–मंठा रस्ता त्या काळी एक सरहद्द ओलांडत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सरहद्दीची जिल्ह्याची हद्द झाली.

लॉरी आली

भारतात मोटारलॉऱ्यांची जुळणी १९२० च्या दशकात सुरू झाली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकला आणि शेवरले गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. सोलापूरच्या या उद्योजकाच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो हे ट्रक बाहेर पडले.

दुसऱ्या महायुद्धाने दोन गोष्टी केल्या. एक, पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि बऱ्याच गाड्या कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीला मागे किंवा बाजूला लोखंडी भट्टी जोडायची, कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर इंजिन चालवायचं. चढावर अशी गाडी दमायची, मग माणसं उतरून धक्का मारायची. दोन, युद्ध संपल्यावर लष्कराच्या हजारो फोर्ड आणि शेवरले लॉऱ्या लिलावात निघाल्या. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हाचा. पुढची काही वर्षं देशातल्या अनेक छोट्या मालकांच्या धंद्याची सुरुवात अशा गाड्यांनी झाली.

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली. मालवाहतूक मात्र खासगी हातातच राहिली. गाडी चालवता येणाऱ्या आणि थोडं भांडवल असलेल्या माणसाला ट्रक हाच मोकळा धंदा उरला.

‘लॉरी’ हा शब्द मराठी बोलण्यातून जवळपास गेला. वर्तमानपत्रांनी ‘मालमोटार’ लिहिलं, लोक ‘ट्रक’ किंवा नुसतं ‘गाडी’ म्हणत राहिले. पण कागदावर लॉरी अजून जिवंत आहे. बिल्टीला आजही ‘एलआर’ म्हणतात, म्हणजे लॉरी रिसीट.

कोणते ट्रक लोकांना आठवतात?

जुन्या ट्रकच्या गप्पांमध्ये काही नावं हमखास येतात.

टाटा-मर्सिडीज : टेल्को कंपनी १९४५ ची, सुरुवातीला ती रेल्वेची इंजिनं बनवायची. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढे लांब नाक, त्यावर तीन टोकांची चांदणी आणि आत डिझेल इंजिन. पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा हा ट्रक चालवायला स्वस्त पडला आणि देशभर पसरला. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि टाटाचं स्वतःचं चिन्ह आलं. तरी जुने ड्रायव्हर पुढेही कित्येक वर्षं त्याला ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले.

टाटा १२१० : या आकड्यांत गाडीची कुंडली आहे. पहिले दोन आकडे म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजन, सुमारे १२ टन. पुढचे दोन म्हणजे इंजिनाची ताकद, सुमारे १०० अश्वशक्ती. याच हिशेबाने १६१२ म्हणजे १६ टन आणि १२० अश्वशक्ती.

अशोक लेलँड कॉमेट : मद्रासजवळच्या एन्नोरची ही कंपनी १९४८ ला अशोक मोटर्स म्हणून सुरू झाली आणि १९५५ ला अशोक लेलँड झाली. कॉमेटच्या इंजिनाचा आवाज टाटापेक्षा वेगळा. कोणती गाडी आली हे नुसतं ऐकून सांगणारी माणसं गावोगाव सापडतात.

डॉज, फार्गो आणि बेडफर्ड : डॉज-फार्गो कुर्ल्याचे, तर हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याचे. यातल्या अनेक गाड्यांना पुढे पर्किन्सचं डिझेल इंजिन बसलं.

टेम्पो आणि मॅटाडोर : ‘टेम्पो’ हा आज मराठीत छोट्या मालगाडीसाठीचा सर्वसाधारण शब्द आहे. मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून त्यांची तीनचाकी इथे बनवली आणि ब्रँडचं नाव भाषेत शिरलं. तिचाच पुढचा भाऊ मॅटाडोर. १९८६ ला टाटा ४०७ आली आणि २००५ ला टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’.

गावची ट्रान्सपोर्ट चालायची कशी?

बहुतेक गावांत ट्रान्सपोर्ट कंपनी म्हणजे एक टेबल, एक बाक, भिंतीवर देवाचा फोटो असलेलं कॅलेंडर आणि बिल्टीबुक. मालकाकडे एक-दोन गाड्या असत, बाकीच्या गाड्या तो बाहेरून भाड्याने लावत असे. मोठ्या कंपन्यांची सुरुवातही फार वेगळी नव्हती. शेजारच्या कर्नाटकातल्या व्हीआरएल या मोठ्या कंपनीचा प्रवास १९७६ मध्ये एका ट्रकपासून सुरू झाला.

कामाची पद्धत अशी. व्यापारी माल आणून टाकतो. नग मोजले जातात, बिल्टी फाडली जाते. तिच्यावर माल पाठवणारा, घेणारा, नग, वजन आणि भाडं लिहिलेलं असतं. भाडं आधीच भरलं असेल तर ‘पेड’, माल घेणारा देणार असेल तर ‘टू पे’. ड्रायव्हरला डिझेल आणि वाटखर्चासाठी ॲडव्हान्स मिळतो. माल उतरला, पोच मिळाली की उरलेलं भाडं.

धंद्याचं सगळं गणित परतीच्या भाड्यावर असतं. लोणारहून जालन्याला माल नेला आणि येताना गाडी रिकामी आली, तर नफा डिझेलमध्ये जातो. म्हणून ड्रायव्हर बाजारपेठेच्या गावात एक-दोन दिवस मुक्काम ठोकून परतीचं भाडं मिळण्याची वाट पाहायचे. फोन दुर्मीळ होते, ट्रंककॉल लागायला तास जायचे. गाडी कुठे आहे हे घरच्यांना आणि मालकाला ती परत आल्यावरच कळायचं.

गाडीवर दोन माणसं : ड्रायव्हर आणि क्लीनर. बोलीत क्लीनरला ‘किन्नर’ही म्हणतात. टायर ठोकून हवा बघायची, ताडपत्री बांधायची, रस्सी आवळायची, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून आवाज द्यायचा, ही त्याची कामं. ड्रायव्हर उस्ताद आणि क्लीनर शागीर्द. गाडी चालवायचं शिक्षण शाळेत नव्हतं, ते या शेजारच्या सीटवर मिळायचं.

तिसरा माणूस हमाल. तो गाडीबरोबर जात नसे, पण त्याच्याशिवाय गाडी हलत नसे. कापसाची बोंद्री असो की सिमेंटची गोणी, सगळं पाठीवरून चढायचं. या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. ट्रकच्या आठवणींमध्ये हमालांचं नाव सगळ्यात कमी वेळा येतं, ते मुद्दाम विचारावं लागतं.

आणि चौथा, गाडी घडवणारा. त्या काळी कंपनीकडून मिळायची ती फक्त चेसिस : इंजिन, चाकं आणि सांगाडा. केबिन आणि हौदा बाहेर बनवून घ्यावा लागे. सुतार लाकडाचा हौदा बांधायचा, लोहार फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या करायचा, पेंटर नाव घालायचा. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन ट्रक सारखे दिसत नसत. केबिनच्या वरचा लाकडी टप किंवा फाळक्यावरचं नक्षीकाम बघून गाडी कुठल्या गावात बांधली हे जाणकार सांगतात.

काय काय वाहिलं या गाड्यांनी?

कापूस सगळ्यात आधी. कापूस हलका पण जागा फार खाणारा, म्हणून हौद्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर फुगलेला ट्रक हे वऱ्हाडातलं ओळखीचं दृश्य. त्याला आगीची भीती मोठी. एखादी ठिणगी किंवा लोंबणारी वीजतार पुरे व्हायची.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. खरेदी केंद्रांबाहेर बैलगाड्या आणि ट्रकच्या लांब रांगा लागू लागल्या. रात्री गाडीखालीच झोपायचं, नंबर यायची वाट पाहायची. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की कापूस चोरून सीमेपार जायचा. त्यामुळे या काळातल्या ट्रकच्या गोष्टींमध्ये नाकी, तपासणी आणि रात्रीचे आडरस्ते हमखास येतात. केंद्रावरचा कापूस जिनिंगला जायचा, तिथे त्याच्या १७० किलोच्या गाठी व्हायच्या आणि पुन्हा ट्रकच.

दुसरी मोठी आठवण १९७२ च्या दुष्काळाची. परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, बंदरावरून रेल्वेने आणि रेल्वेपासून पुढे ट्रकने गावोगावच्या रेशन दुकानांपर्यंत गेली. रेल्वे नसलेल्या तालुक्यात धान्याचा ट्रक कधी येतो यावर चूल अवलंबून होती. ज्यांनी ते दिवस पाहिलेत, त्यांना मिलोची चव आणि ट्रकचा आवाज दोन्ही लक्षात आहेत.

याशिवाय जालन्याहून बियाणं आणि लोखंडी सळई, रेल्वेच्या मालधक्क्यावरून खत आणि सिमेंट, किराणा, गूळ, लाकूड आणि पुढे सोयाबीन.

मालाइतक्याच आठवणी माणसांच्याही आहेत. हौद्यात गवत आणि त्यावर सतरंजी टाकून निघालेलं लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेली आळी, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, आजाऱ्याला शहरात नेणारा रात्रीचा ट्रक. मालगाडीत माणसं बसवणं नियमात बसत नव्हतं आणि धोक्याचंही होतं. पण जिथे दिवसाला एक-दोन एसटी, तिथे लोकांपुढे दुसरा पर्याय नसायचा.

जुन्या ट्रकचा फोटो वाचायचा कसा?

घरात आजोबांचा ट्रकसोबतचा फोटो असेल तर त्यातून बरंच काही काढता येतं.

नंबर प्लेट बघा : ‘एमएच’ आणि त्यापुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ पासूनची. बुलढाण्याचा आकडा २८, अकोल्याचा ३०, जालन्याचा २१, वाशिमचा ३७. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. फोटोत अशी पाटी असेल तर गाडीची नोंदणी १९८९ च्या आधीची.

चिन्ह बघा : टाटाच्या ट्रकच्या नाकावर चांदणी दिसली तर गाडी १९५४ ते १९६९ या काळात बनलेली असण्याची शक्यता मोठी.

रंग बघा : १९७५ पासून नॅशनल परमिटची योजना आली. अशा गाडीला वाळक्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरी किनार नियमानेच ठरलेली होती. पुढे-मागे ‘नॅशनल परमिट’ किंवा ‘एन.पी.’ लिहावं लागे. ते नसेल तर गाडी राज्यातच फिरणारी असू शकते.

केबिनवरची छोटी अक्षरं बघा : मालकाचं नाव, गाव, गाडीचं रिकामं वजन, भरलेलं वजन. ‘एचवायपी’ लिहून पुढे बँकेचं नाव असेल तर गाडी कर्जावर घेतलेली. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर छोट्या ट्रकमालकांना कर्ज मिळणं सोपं झालं, त्याची ही खूण.

मागची बाजू बघा : ‘हॉर्न ओके प्लीज’ आहे का? महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन विभागाने हे लिहायला बंदी घातली. तोवर ते जवळपास प्रत्येक ट्रकवर असायचं.

आणि शेवटी माणसं बघा. कोण ड्रायव्हर, कोण क्लीनर, कोण मालक, गाडीला हार का घातलाय? नवी गाडी, दसरा की शेवटचा हप्ता फिटला? हे फोटोवरून कळत नाही, सांगणारा माणूस लागतो.

जुन्या कार दिसतात, जुने ट्रक का दिसत नाहीत?

मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या रॅली निघतात, राजे-संस्थानिकांच्या गाड्या लाखोंच्या बोलीला जातात. जुना ट्रक मात्र क्वचितच जपला जातो. त्याची कारणं साधी आहेत.

ट्रक हे कमावण्याचं साधन. तो चालतो तोवर चालवायचा, नाही चालला की विकायचा. एकाच ट्रकचं आयुष्य अनेक मालकांत विभागलेलं असतं : आधी लांब पल्ला, मग जिल्ह्यातली भाडी, मग वाळू-विटा-मुरूम आणि शेवटी भंगार. तेव्हा इंजिन विहिरीवर जातं, चाकं ट्रॉलीला लागतात, पत्रा कापला जातो. ठेवायला जागाही लागते, आणि ती कुणाला परवडत नाही.

कायदाही मदतीला येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राहिलेली गाडी त्यात येते. पण ते नियम दुचाकी आणि खासगी वापराच्या प्रवासी मोटारींसाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. त्याच वर्षी वाहन भंगार धोरणही आलं. प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने जुन्या गाड्या रस्त्यावरून जाणं बरोबरच आहे. पण आधी वाचलेल्या थोड्याफार गाड्यांसाठी वेगळी वाट ठेवलेली नाही.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे जुन्या मालमोटारींच्या शौकिनांची संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली आणि १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या ट्रकची फेरी निघते. गावच्या बंद पडलेल्या वाहतूक कंपन्यांचे रंग, पाट्या, वेळापत्रकं यांवर तिथे पुस्तकं निघतात. आपल्याकडे गुरुग्रामजवळ तावडूला २०१३ मध्ये हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उभं राहिलं. पण एखाद्या तालुक्याची मालवाहतूक जपणारी जागा सापडणं कठीण आहे.

म्हणून इथे लोखंडापेक्षा आठवणींवर जास्त भार आहे. गाडी गेली तरी तिची गोष्ट राहू शकते. अट एवढीच, की सांगणारा असेपर्यंत ती विचारली पाहिजे.

समृद्धीनंतरचं लोणार

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागातूनच जातो. शेगाव–पंढरपूर हा मोठा रस्ताही मेहकर–लोणार–मंठा असा जातो. शंभर वर्षं आडबाजूला राहिलेला हा पट्टा आता राज्याच्या मोठ्या रस्त्यावर आला आहे.

फायदा उघड आहे, पण धंद्याचं रूप बदललं. लांब पल्ल्याचा ट्रक आता गावात शिरत नाही, थांबला तर इंटरचेंजजवळ थांबतो. बिल्टीच्या जोडीला २०१८ पासून ई-वे बिल आलं. मुंबईचा जकात नाका १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा बंद झाला, टोलसाठी फास्टॅग आला. गाडी कुठे आहे हे मालकाला मोबाईलवर दिसतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. विदर्भाच्या मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून गाडी हाकलेल्या पिढीला हा बदल किती मोठा आहे, ते त्यांनाच विचारावं.

तुमच्या घरातली गोष्ट कशी नोंदवाल?

यासाठी अभ्यासक असायची गरज नाही. पाच गोष्टी पुरतात.

एक, फोटो स्कॅन करा किंवा नीट उजेडात त्याचा फोटो काढा. मागच्या बाजूचाही काढा, कारण तारीख आणि स्टुडिओचा शिक्का बहुतेक मागेच असतो.

दोन, जुनी आरसी, परमिट, बिल्टीबुक, बँकेच्या हप्त्यांची पावती, देवाणघेवाणीची वही फेकू नका. वहीतली भाड्याची एक ओळसुद्धा कुठला माल, कुठून कुठे, किती पैशांत गेला हे सांगते.

तीन, जुन्या ड्रायव्हरला “तुमच्या आठवणी सांगा” असं विचारू नका. नेमकं विचारा : पहिली गाडी कोणती? पहिली फेरी कुठे? रात्री मुक्काम कुठे? जेवण कुठे? कुठला घाट अवघड? गाडी बंद पडली तेव्हा मदतीला कोण आलं? अशा प्रश्नांवर माणूस तासभर बोलतो. ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, अर्थात विचारून.

चार, ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं लिहा. “ही गावातली पहिली गाडी” असं प्रत्येक घरात सांगितलं जातं. कागद मिळाला तर तो जोडा, नाही मिळाला तर “घरात असं सांगतात” एवढंच लिहा.

पाच, सगळ्यांसमोर टाकण्याआधी आरसीवरचा पत्ता, सही, चालू नंबर झाका. फोटोतली माणसं किंवा त्यांच्या घरचे काय म्हणतात ते विचारा. ट्रकच्या गोष्टींमध्ये अपघात, कर्ज आणि भांडणंही असतात. ती कुणाच्या तरी घरची जखम असते.

लोणारचं सरोवर हजारो वर्षं टिकलं, त्याचा अभ्यास पुढेही होत राहील. पण ज्यांनी कोळशाच्या गॅसवरच्या गाडीला धक्का मारला ते आता जवळपास उरलेले नाहीत. ज्यांनी चांदणीवाली मर्सिडीज चालवली ते ऐंशीच्या घरात आहेत. १२१० वाले सत्तरीकडे निघालेत. त्यांच्याकडे बसायला एक दुपार पुरते, पण ती याच वर्षीची हवी.